मे महिन्यात जलाशयाकाठी मुक्काम: तळे कोणते यापेक्षा तंबू कुठे, हे आधी ठरवावे

बेळगावच्या अनगोळ भागातल्या एका ताईंनी विचारले आहे की, मे महिन्याच्या सुट्टीत दोन रात्री एखाद्या शांत जलाशयाकाठी तंबू लावून राहायचे आहे. घरची पाच माणसे आहेत. त्यांत ८ आणि १२ वर्षांची दोन मुले आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. शिवाय कोल्हापूरहून भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले येणार आहेत. राकसकोप बरे की हिडकल, तंबू विकत घ्यावेत की भाड्याने आणि सासूबाईंना सोबत न्यावे की नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, गेली २२ वर्षे मी बेळगाव, खानापूर आणि चंदगड भागांत मुलांची आणि कुटुंबांची मुक्कामी शिबिरे घेत आलो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक कुटुंब पहिला प्रश्न हाच विचारते की जागा कोणती. माझ्या अनुभवात मात्र उन्हाळी मुक्काम सुखाचा होतो की त्रासाचा, हे जागेच्या नावापेक्षा दोन गोष्टींवर ठरते. तंबू पाण्यापासून किती दूर आणि किती उंचावर आहे, ही पहिली. आणि संध्याकाळी वळीव आला तर तंबू सोडून पाच मिनिटांत पक्क्या छपराखाली जाता येते का, ही दुसरी. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडतो: नऊ माणसांनी, त्यांत चार मुले आणि एक वयस्कर बाई असताना, मे महिन्यातल्या जलाशयाजवळ रात्र कुठे आणि कशी काढावी?

आधी पाण्याबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. डिसेंबरात जिथे पाणी असते तिथे मे महिन्यात नसते. आपल्याकडचे जलाशय पावसाळ्याअखेर भरतात आणि त्यानंतर पिण्यासाठी, शेतीसाठी त्यांचे पाणी सतत खाली उतरत जाते. समुद्रसपाटीपासून मोजलेली हिडकल जलाशयाची पूर्ण पातळी २१७५ फूट आणि राकसकोपची २४७५ फूट आहे. रोजची पातळी स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येते आणि ती वाचण्याची सवय लावून घ्यावी. पूर्ण पातळी आणि आजची पातळी यांत जितक्या फुटांचा फरक, तितका जलाशयाचा तळ उघडा पडलेला असतो. जमीन सपाट असली तर पाच-दहा फुटांच्या फरकानेही पाणी कितीतरी दूर सरकते. हिडकलच्या पाण्यात गेलेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते, हे तुम्ही पाहिले किंवा ऐकले असेलच. ते मंदिर जिथे दिसते, तिथला भाग जलाशयाचा काठ नसून तळ आहे, हे लक्षात ठेवले की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

या उघड्या तळावर हिरवे, मऊ, सपाट गवत उगवते आणि तंबूसाठी याहून चांगली जागा नाही असे कोणालाही वाटते. मला स्वतःलाही एकदा तसे वाटले होते. साधारण बारा वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण एका जलाशयाच्या अशाच गवतावर मे महिन्यात उतरलो होतो. साडेसहाच्या सुमारास वारा सुटला, धूळ उडाली आणि वळीव कोसळला. ज्या सपाटीवर आम्ही तंबू लावले होते, ती वरून येणाऱ्या एका ओढ्याच्या गाळाची सपाटी होती. ओढा कोरडा असल्यामुळे तो आमच्या ध्यानातच आला नव्हता. पंधरा मिनिटांत गढूळ पाणी तंबूंतून वाहू लागले. कोणाला इजा झाली नाही, परंतु अंथरूण-पांघरूण, शिधा सगळे भिजले, आणि जीप त्या चिखलात अशी रुतली की दुसऱ्या दिवशी गावातल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून ती ओढून काढली. लहान मुले बरोबर असतानाही मी ती जागा निवडली, ही चूक माझी होती. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळतो: जलाशय पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते, त्या रेषेच्या वरच तंबू लावायचा. ही रेषा ओळखणे अवघड नसते. तिच्या वर झुडपे आणि जुनी झाडे असतात. तिच्या खाली एकही मोठे झाड नसते, आणि खडकांवर पाण्याचा फिकट पट्टा उमटलेला असतो.

उघड्या तळाबाबत आणखी एक गोष्ट मुलांना आधीच बजावून ठेवावी. पाण्यालगतचा गाळ वरून वाळलेला आणि भेगाळलेला दिसतो, पण त्या दोन-तीन इंचांच्या कवचाखाली तो ओला आणि खोल असतो. त्यात जनावरेही रुततात. पाण्याखाली जुन्या विहिरी, बांध, झाडांचे बुंधे आणि मूळ नदीचे पात्र असते, त्यामुळे गुडघाभर पाण्यानंतर पुढचे पाऊल एकदम खोलात जाऊ शकते. पोहता येणाऱ्या मोठ्या माणसांनाही मी जलाशयात उतरू देत नाही. आंघोळ मळ्यातल्या पाण्याच्या पंपाच्या धारेखाली किंवा नळावर करावी. मुलांना त्यात पोहण्याइतकाच आनंद मिळतो.

आता वळवाबद्दल. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारपर्यंत जमीन तापते, साडेतीन-चारनंतर ढग उभे राहू लागतात आणि संध्याकाळी गडगडाटासह पाऊस येतो. रोज येत नाही, पण दोन रात्रींत एकदा येईल असे धरूनच तयारी करावी. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येणारा मान्सून पश्चिमेकडून येतो हे ठरलेले आहे. वळवाची दिशा मात्र ठरलेली नसते. त्याचा पाऊस तासाभरात संपतो, पण आधीचा वारा आणि विजा या दोन गोष्टी घातक असतात. कापडी तंबू विजेपासून कोणतेही संरक्षण देत नाही, ही गोष्ट मी प्रत्येक पालकाला स्पष्ट सांगतो. एकाकी उंच झाड, उघडे माळरान आणि पाण्याचा काठ या तिन्ही जागा विजेच्या वेळी टाळायच्या असतात, आणि जलाशयाकाठी नेमक्या याच तीन जागा असतात. म्हणून पक्के घर, शाळा, देवळाचा सभामंडप किंवा काचा बंद केलेली मोटारगाडी जवळ असायलाच हवी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणून ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून लगेच छपराखाली जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप विजेची सूचना देते. ते फोनमध्ये जरूर ठेवावे. परंतु खानापूरच्या पश्चिमेकडे अनेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून आकाशाकडे लक्ष ठेवणारा एक मोठा माणूस चार वाजल्यापासून नेमलेला असावा.

इथे एक पेच उभा राहतो. दिवसा सावली हवी म्हणून आपण आंब्याखाली किंवा चिंचेखाली बसतो, आणि रात्री तेच झाड वाऱ्यात धोक्याचे होते. मी असे करतो की, दिवसाचा तळ झाडाखाली ठेवतो. सतरंज्या, जेवण, मुलांचे खेळ सगळे तिथेच. तंबू मात्र पाचनंतर आकाश पाहून, झाडाच्या उंचीहून जास्त अंतरावर, किंचित उताराच्या मोकळ्या जागी लावतो. टेकडीचा माथाही नको आणि खोलगट जागाही नको. दुपारी लावलेल्या तंबूत नाही तरी कोणाला बसवत नाही, कारण नायलॉनचा तंबू उन्हात भट्टीसारखा तापतो. नीलगिरीच्या झाडांखाली मी दिवसासुद्धा बसू देत नाही. त्यांच्या फांद्या वाऱ्यात अचानक मोडतात.

जागेचा प्रश्न आता सोडवता येईल. राकसकोप शहरापासून सर्वांत जवळ आणि डोळ्यांना सुखावणारे आहे, पण मार्कंडेय नदीवरचा तो जलाशय बेळगाव शहराला पिण्याचे पाणी पुरवतो. आपल्याच घरच्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या काठावर नऊ माणसांनी दोन दिवस राहणे, भांडी घासणे आणि शौचाला जाणे मला योग्य वाटत नाही. तिथला मुक्कामाचा विचार सोडावा. हिडकल विस्तीर्ण आहे. त्याची साठवण क्षमता ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि महामार्गापासूनही ते फार दूर नाही. परंतु मे महिन्यात हुक्केरीकडचे ऊन खानापूरपेक्षा पुष्कळ कडक असते, काठावर सावली नसते, आणि जिथे काळी माती आहे तिथे एका पावसात ती पायाला आणि चाकाला चिकटून बसते. हिडकलला डिसेंबर-जानेवारीत जावे. तेव्हा पाणीही भरपूर असते आणि पक्षीही. सौंदत्तीकडच्या नविलुतीर्थ जलाशयाबद्दलही माझे हेच मत आहे.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, रात्री हवा सुखद असते आणि तांबडी माती पाणी लवकर मुरवते, म्हणून मन तिकडे धाव घेते. पण तिथला मोठा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे, आणि भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झालेले आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करणे आणि आग पेटवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय मे महिन्यात जंगलातले ओढे आटलेले असतात आणि गवे, अस्वले उरलेल्या पाण्यावर येतात. ज्या पाणवठ्यावर आपण तंबू लावतो, ती त्यांची रोजची वाट असते. जंगलातच राहायचे असेल तर वनखात्याच्या अधिकृत निवासात आरक्षण करून राहावे. स्वतःचे तंबू घेऊन जाऊ नये.

म्हणून तुमच्यासारख्या कुटुंबाला माझा सल्ला असा आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, खानापूर तालुक्यात जंगलाबाहेर, किंवा चंदगड तालुक्याच्या बेळगावकडील बाजूला, एखाद्या लहान तलावापासून तीन-चारशे मीटर अंतरावर ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा शोधावा, जिथे पक्के घर, शौचालय आणि वीज आहे. तंबू त्या मळ्याच्या खळ्यात किंवा काजूच्या बागेशेजारच्या मोकळ्या जागेत लावावेत आणि तलावावर सकाळ-संध्याकाळ चालत जावे. तलावाचा निवांतपणा पूर्ण मिळतो आणि जोखीम निम्म्याहून कमी होते. चंदगडची बाजू निवडली तर कोल्हापूरच्या भावालाही फेरा पडत नाही. तिकडे एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी: चंदगड, आजरा आणि दोडामार्ग या भागांत रानहत्तींचा वावर आहे. त्या आठवड्यात हत्ती आसपास असल्याचे गावकऱ्यांनी सांगितले, तर बेत रद्द करावा. पिकलेल्या फणसाच्या झाडाजवळ तर तंबू कधीच लावू नये.

परवानगी केवळ मळ्याच्या मालकाची घेऊन थांबू नये. गावच्या पंचमंडळींना आणि ग्रामपंचायतीला आधी सांगितले, तर रात्री दिवे पाहून कोणी चौकशीला आले तरी गैरसमज होत नाही. बेळगाव जिल्ह्यात राहणार असाल तर नावे, गाडीचे क्रमांक आणि मुक्कामाच्या तारखा लिहिलेला एक अर्ज कन्नडमध्ये करून जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावा. पन्नास घरांच्या गावात जाऊन आपण पाहुणे होतो. तिथल्या भाषेत चार शब्द बोलण्याने मन जुळते, हा माझा हुक्केरी-गोकाककडचा नेहमीचा अनुभव आहे.

सासूबाईंना अवश्य न्यावे, पण त्यांची झोपण्याची सोय तंबूत करू नये. जमिनीवरून उठणे, रात्री वाकून तंबूबाहेर येणे आणि अंधारात चालणे या तिन्ही गोष्टी त्या वयात त्रासाच्या आहेत. मळ्यातल्या घराच्या ओसरीवर खाट टाकून मच्छरदाणी लावली की त्यांना मोकळी हवा मिळते आणि नातवंडेही नजरेसमोर राहतात. त्यांना रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर उन्हाळ्यात किती पाणी आणि मीठ घ्यावे हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे. ते माणसागणिक बदलते. बारा ते चार या वेळेत त्यांना आणि मुलांना उन्हात नेऊ नये. शक्य असेल तर वैशाखी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस निवडावेत. रात्री उजेड असला की वयस्कर माणसाला आधार वाटतो.

तारखेबाबत तुम्हाला आणखी एक जुळवाजुळव करावी लागेल. कर्नाटकातील शाळांची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन मेअखेरीस संपते, तर महाराष्ट्रातील मुले मेच्या सुरुवातीला मोकळी होतात आणि त्यांची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. दोन्ही घरच्या मुलांना जुळणारा काळ म्हणजे मे महिना, आणि त्यातही पहिला पंधरवडा मी सुचवीन. मेअखेरीस पाऊस वाढत जातो आणि जाण्या-येण्याचे कच्चे रस्ते बिघडतात.

तंबू पहिल्या वेळी भाड्यानेच घ्यावेत. ‘चार माणसांचा’ म्हणून मिळणाऱ्या तंबूत सामानासह तीनच माणसे नीट झोपतात, म्हणून तुम्हा आठ जणांना तीन तंबू लागतील. घेतानाच दुकानात सगळे उघडून पाहावेत. चेन पूर्ण लागते का, वरचे पावसाचे कापड जमिनीपर्यंत येते का आणि काठ्या तडकलेल्या नाहीत ना, एवढे तपासावे. मग घरच्या गच्चीवर मुलांकडून एकदा उभारून घ्यावेत. तंबूबरोबर येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक खुंट्या मे महिन्यातल्या जमिनीत वाकतात. मी वेल्डिंगच्या दुकानातून आठ मिलिमीटरच्या सळईचे फूटभर लांबीचे तुकडे टोक काढून आणि डोके वाकवून घेतले आहेत. तेच गेली कित्येक वर्षे वापरतो. जमीन फारच कडक असेल तर खुंट्यांच्या जागी तासभर आधी तांब्याभर पाणी ओतावे.

तंबूची चेन रात्रंदिवस बंद ठेवणे हा नियम मुलांच्या अंगी बाणवावा, आणि त्याचे कारणही त्यांना सांगावे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिच्या दंशाला बहुधा सूज किंवा वेदना नसते. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसतात. बंद तंबू किंवा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. बूट सकाळी झटकून घालावेत आणि रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. साप चावल्याची शंका जरी आली, तरी जखम कापू नये, दोरी आवळू नये आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला हालचाल न करू देता सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. असे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारून ठेवावे. १०८ आणि ११२ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात.

रानाच्या कडेला राहणार असाल तर गोचिडांचीही काळजी घ्यावी. गोचिडांमुळे होणारा माकडताप १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि अलीकडच्या काळात तो गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या तालुक्यांतही आढळला आहे. हिवाळ्याच्या मध्यापासून मेपर्यंतचा कोरडा काळ हाच त्याचा हंगाम असतो. पाचोळ्यावर बसू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोज्यांत खोचलेल्या विजारी घालाव्यात, संध्याकाळी मुलांचे अंग तपासावे, आणि परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर रानात राहिलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता गावात कळवावे.

स्वयंपाकाबद्दल थोडक्यात सांगतो. उघडी चूल पेटवू नये. मे महिन्यात वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते आणि शेजारच्या काजूच्या बागा जळतात. पाच किलोचा गॅस सिलिंडर आणि एक शेगडी पुरते. पहिल्या रात्रीसाठी दशम्या, चटणी आणि दही घरूनच न्यावे, म्हणजे तंबू उभारण्याच्या वेळी स्वयंपाकाची घाई होत नाही. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरावे. नऊ माणसांचे दोन दिवसांचे नव्वद लिटर होते, म्हणून वीस लिटरचे पाच कॅन न्यावेत. तलावाचे पाणी उकळूनसुद्धा मी मुलांना देत नाही, कारण उन्हाळ्यात साठा कमी झाल्यावर सगळी घाण त्या थोड्या पाण्यात एकवटलेली असते.

इतकी काळजी घेतल्यावर मग पहाटेचा वेळ पूर्णपणे मुलांना द्यावा. साडेपाचला उठून तलावावर जावे. तेव्हा हवा थंड असते आणि बगळे, पाणकावळे, खंड्या अगदी जवळून दिसतात. मे महिन्यात टिटवी उघड्या माळावर, पाण्यालगतच्या खड्यांमध्ये अंडी घालते, आणि ती अंडी रंगाने खड्यांसारखीच असतात. मुलांना एका ओळीत मोठ्या माणसाच्या मागून चालवावे. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की घरटे जवळच आहे असे समजून जिथे आहात तिथेच थांबावे, पायांखालची जमीन नीट पाहावी आणि आल्या पावलांनी मागे फिरावे.